मंगळसूत्र आत घ्या आणि मग उतरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाराकुडाला ‘समुद्रातला मारेकरी’ म्हटलंय. मी मूळचा मालवणचा. गेली अकरा वर्षं अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, डायव्हिंग शिकवतो. हा मासा मला नेहमी भेटतो, म्हणून लिहितोय.

लहान बाराकुडा थव्यानं फिरतात, मोठा बहुधा एकटा. प्रवाळाच्या कडेला टांगून ठेवल्यासारखा निश्चल. खालचा जबडा पुढे आलेला, आणि तोंडाची सारखी उघडझाप. लोकांना वाटतं दात दाखवतोय. तो बिचारा कल्ल्यांवरून पाणी खेळवत असतो. आपण निघालो की मागून येतो, वळून पाहिलं की थांबतो. नुसता चौकस. शिकार मात्र एकाच झेपेत, मोठ्या माशाचे सरळ दोन तुकडे.

ही झेप नजरेच्या भरवशावर असते. चमकलं की त्याला खवले वाटतात, तिथं घोटाळा होतो. गेल्या दिवाळीत पुण्याच्या एक काकू मंगळसूत्र काढेनात. “पस्तीस वर्षांत काढलं नाही, तुझ्या माशासाठी काढू?” शेवटी ते वेटसूटच्या गळ्यातून आत सरकवलं, बांगड्यांवर बाह्या ओढल्या. आठ मीटरवर बाराकुडा आलाच. तीनेक हातांवर थांबला, बघत राहिला. काकूंनी त्याला चक्क दोन्ही हात जोडले!

दुसरी खोड आपलीच. फोटोसाठी पाव नाहीतर मासळीचे तुकडे टाकायचे. मग हात म्हणजे खाणं, हे मासा शिकतो आणि चावला की मारेकरी ठरतो. सुट्टीत जाणाऱ्या वाचकांसाठी एवढं तरी छापा.

वर आल्यावर आपल्या माणसांचा पहिला प्रश्न, “चवीला कसा?” लहान खातात. पण प्रवाळातला मोठा बाराकुडा मी खात नाही. प्रवाळावरच्या सूक्ष्म शेवाळातलं विष लहान माशांतून त्याच्यात साठलेलं असू शकतं. तळून, उकडून किंवा बर्फात ठेवून ते जात नाही. बाधा झाली तर थंड पाणीसुद्धा हाताला चटका दिल्यासारखं लागतं. काकूंना हे सांगितलं. त्यांनी रात्री सुरमई मागवली.

— एक डायव्हिंग प्रशिक्षक, स्वराज द्वीप