वाकडी शीव

मॉन्टगोमेरी, अलाबामा
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा आणि सौ. आई यांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही बुधवारी पाठवलेला शाईच्या बोटाचा फोटो मी शेजारच्या आजींना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितला आणि विचारलं, "ही किती दिवस राहते?" नखावरची तर नख वाढून कापेपर्यंत, असं सांगितल्यावर बराच वेळ हसत होत्या. इथं शाई लावत नाहीत. ‘मी मत दिलं’ असं छापलेलं गोल स्टिकर देतात. त्यांचं पाच तारखेचं स्टिकर अजून फ्रीजच्या दारावर आहे.

त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, "आता तिथल्या काळ्या लोकांना मतं द्यायला मिळतात ना? मग भांडण कशाचं?" मी ‘हो, पण’ करून वेळ मारून नेली, कारण तेवढ्यात आईनं लाडवांच्या डब्याचा विषय काढला. (डबा पोचला. बेसनाचे शाबूत, रव्याचे परत रवा होऊन.) आज सुट्टी आहे, तर सविस्तर लिहिते. पक्ष आणि पुढारी राहू देत. तुमची बत्तीस वर्षं मोजणी खात्यात गेली, म्हणून हद्दीपासूनच सुरू करते.

इथून तासाभरावर टस्कीगी आहे. कार्व्हरांचं टस्कीगी, मराठी घरात त्यांची ओळख करून द्यायला नको. त्यांची समाधी मी पहिल्याच वर्षी बघून आले, पण त्या गावाची दुसरी गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती. १९५७ पर्यंत हे गाव नकाशावर सरळ चौकोनी होतं, चार कोपऱ्यांवर चार दगड रोवावेत तसं. तिथल्या शिक्षणसंस्थेमुळं शिकलेली काळी माणसं बरीच, आणि इतक्या अडवणुकीतूनही त्यांच्यातल्या चारेकशे जणांनी मतदार यादीत नावं घालून घेतलेली. यादी आणखी वाढली असती तर गावाचा कारभार गोऱ्यांच्या हातून जाणार हे दिसत होतं. मग राज्याच्या विधिमंडळानं काय केलं? यादीतलं एकही नाव खोडलं नाही. गावाची हद्दच नव्यानं आखली. चौकोनाची अठ्ठावीस बाजूंची वेडीवाकडी आकृती झाली. त्या चारशेंपैकी चार-पाच सोडले तर सगळे गावाबाहेर, आणि गोरा मतदार मात्र एकही बाहेर नाही. घरं जिथल्या तिथं, माणसं जिथल्या तिथं, शीव तेवढी हलली.

तुमच्या टेबलावर असा नकाशा आला असता तर तुम्ही आधी विचारलं असतं, ही रेघ इथं का वळली? मध्ये ओढा आहे का, गाडरस्ता आहे का? टस्कीगीत समाजशास्त्र शिकवणाऱ्या चार्ल्स गोमिलियन या प्राध्यापकांनी हेच कोर्टात विचारलं. गावातल्या लोकांनी तोवर गोऱ्या दुकानदारांकडची खरेदी बंद केली होती. खालच्या कोर्टांनी हात झटकले, पण १९६० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं एकमुखानं सांगितलं की वंशाकडे बघून मतदारांना असं शिवेबाहेर काढणं घटनेत बसत नाही.

आता आपल्या गावची प्रभाग रचना आठवा. वस्तीच्या बरोबर मधून रेघ नेली होती आणि दोन्ही वॉर्डांत वस्तीची मतं चटणीपुरती उरली होती. तुम्ही रात्री हरकत लिहायला बसला होतात आणि मी कार्बन पेपर लावून देत होते. तेव्हाही यादीतून कुणाचं नाव गेलं नव्हतं. सगळ्यांनी रांगेत उभं राहून मत दिलं, शाई लावून घेतली, आणि पुढची पाच वर्षं वस्तीतली मोरी तुंबलेलीच राहिली. भांडण कशाचं, ते तुम्हाला माझ्याआधी ठाऊक आहे.

इथं दोन्ही रीती चालतात. एक, वस्ती फोडायची. दुसरी उलटी, सगळी मतं एकाच मतदारसंघात कोंबायची, म्हणजे तिथं ते वारेमाप मतांनी निवडून येतील आणि बाकी सगळीकडे त्यांना विचारायचं कारण उरणार नाही. अलाबामात दोन्ही एकाच नकाशात होतं. प्रतिनिधिगृहात, म्हणजे आपली लोकसभा समजा, या राज्याच्या सात जागा. लोकसंख्येत कृष्णवर्णीय २७ टक्के, हिशेबानं जवळजवळ दोन जागांइतके. पण त्यांना हवा तो माणूस निवडता येईल अशी जागा एकच, सातवी. तिचं एक बोट वर बर्मिंगहॅम शहरात शिरलेलं आणि दुसरं इकडं मॉन्टगोमेरीत, आमच्या शेजारच्या मोहल्ल्यापर्यंत. दोन शहरांतल्या काळ्या वस्त्या चिमटीत धरून उचलल्यासारख्या. उरलेले लोक इतर मतदारसंघांत पसरून टाकलेले, भाजीतल्या हिंगासारखे.

आणि हे नकाशे काढतं कोण, तर विधिमंडळात निवडून आलेली माणसंच. आपल्याकडे निवृत्त न्यायमूर्तींचा परिसीमन आयोग तरी असतो. इथं, अलाबामात, चोराच्याच हातात जामदारखान्याच्या किल्ल्या.

बाबा, इथली माती बघून तुम्हाला घरची आठवण येईल. राज्याच्या मधून आडवा पट्टा जातो, ‘ब्लॅक बेल्ट’. नाव आधी मातीचं, माणसांना ते नंतर चिकटलं. आपली रेगूर बेसाल्टची, ही चुनखडीवरची. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं समुद्राचा काठ होता. पण स्वभाव तोच. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि कापूस असा की विचारू नका. कापसासाठी मळेवाले गुलाम घेऊन इथं आले, आणि गुलामगिरी संपल्यावरही त्यांची लेकरंबाळं याच पट्ट्यात राहिली. त्यामुळं मातीचा नकाशा आणि मतांचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर कडा जुळतात. इथं यादवी युद्ध पेटून कापूस अडला, तेव्हाच आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, हे तुम्हीच मला शाळेत असताना सांगितलं होतं.

हा पट्टा मध्ये चिरून वाटून टाकला आहे, एवढंच कोर्टात दाखवायचं होतं. २०२० च्या जनगणनेनंतर २०२१ मध्ये नवा नकाशा आला, तोही एकाच जागेचा. लोक कोर्टात गेले. त्यांच्या बाजूनं तज्ज्ञांनी वेगवेगळे अकरा नकाशे मांडले, प्रत्येकात दोन जागा नीट बसवून. राज्याचं म्हणणं, आम्ही वंश बघतच नाही. शिवाय समुद्रकाठचे दोन जिल्हे तोडता येणार नाहीत, कारण तिथं फ्रेंच आणि स्पॅनिश वसाहतींचा वारसा आहे! वारसा काठाचा तेवढा धरायचा, पट्ट्याचा नाही.

२०२२ च्या जानेवारीत तीन न्यायाधीशांनी नकाशा रोखला. त्यातले दोघे ट्रम्प यांच्या काळात नेमलेले. पण निवडणूक तोंडावर आली म्हणून सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि त्या वर्षीचं मतदान त्याच नकाशावर झालं. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. २०१३ पर्यंत अलाबामासारख्या राज्यांना निवडणुकीच्या नियमांत बदल करायचा तर आधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. याच राज्यातल्या शेल्बी काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, दावा लावला आणि ती अट निकामी झाली. आता आधी नकाशा लागू, मग दावा, मग तारखा. मधल्या निवडणुका होऊन जातात त्या कुणी परत घेत नाही.

पुढं ८ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: दुसरी जागा द्या. निकालपत्र सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं. मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! विधिमंडळानं खास अधिवेशन घेऊन जो नकाशा काढला, त्यात दुसऱ्या क्रमांकाच्या मतदारसंघात कृष्णवर्णीय जेमतेम ४० टक्के. गोरे आणि काळे इथं इतके वेगवेगळं मत देतात की ४० वर दर वेळी हार ठरलेली. निकाल वाचून असं करायला धाडस लागतं. शेवटी कोर्टानं तेही फेटाळलं आणि आपल्या माणसाकडून नकाशा काढून घेतला. त्यात मॉन्टगोमेरी, टस्कीगी आणि मोबील शहराचा भाग एकत्र आले. मतदारांत कृष्णवर्णीय अजूनही निम्म्याला थोडे कमीच आहेत.

तुम्ही म्हणाल, म्हणजे ही राखीव जागाच की. नाही, इथं उमेदवारी सगळ्यांना खुली आहे. आपल्याकडे राखीव मतदारसंघात उमेदवार कोण असावा हे ठरतं आणि निवडणारे सगळे असतात. इथं उमेदवार कुणीही असो, ज्यांची मतं वर्षानुवर्षं वाया गेली त्यांना निवड करता येईल अशी हद्द आखायची. पुणे करारावर तुम्ही आणि काका जेवणं थांबवून जे वाद घालायचात, त्याचा अर्थ मला इथं येऊन थोडा लागायला लागला. वाद मिटला असं मात्र म्हणत नाही. काकांना सांगा, आले की पुन्हा बसू.

आजी मूळच्या लाउंड्स काउंटीच्या. इथून सेल्माकडं जाताना हायवेवर लागते. आईवडील एका गोऱ्या मालकाची जमीन बटईनं करायचे. त्या काउंटीत ऐंशी टक्के लोक काळे, आणि १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यातला नोंदलेला मतदार एकही नाही. एकही नाही, बाबा. त्या वर्षी ७ मार्चला सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली, मग ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा आला. आजी तेव्हा एकोणीस वर्षांच्या. मताचं वय एकवीस. त्यांच्या आईनं नाव नोंदवलं. नाव नोंदवलं म्हणून मालकांनी हाकलून दिलेली कुटुंबं त्याच हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली होती. आजी ती जागा दाखवताना गाडी हळू करायला सांगतात, थांबवायला नाही.

आणि ऐका, तिथल्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. लिहिता-वाचता न येणारे बरेच, म्हणून मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह असायचं, आपल्यासारखंच. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि त्यावर ‘गोऱ्यांचं वर्चस्व’ असे शब्द. यांनी घेतला काळा पँथर. तोच पँथर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाकडे गेला आणि १९७२ मध्ये आपल्या मुंबईत, ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्याकडे आला. पहिल्या निवडणुकीत लाउंड्सचे सगळे उमेदवार पडले. १९७० मध्ये त्यांच्यातलेच जॉन ह्यूलेट शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीसप्रमुख, झाले.

मत असलं म्हणून सगळं सुटलं असंही नाही. त्या काउंटीत आजही कितीतरी घरांचं सांडपाणी मागच्या अंगणात उघड्यावर येतं. चिकण माती पाणी मुरू देत नाही, साधी सेप्टिक टाकी चालत नाही, आणि चालेल अशी टाकी गरिबाला परवडत नाही. अमेरिकेत हे बघून मी पहिल्यांदा गप्पच झाले होते.

पाच तारखेला मी आजींना मतदानाला घेऊन गेले. मला मत नाही, व्हिसावाल्यांना कसलं मत! केंद्र चर्चच्या हॉलमध्ये. आजींचं घर पूर्वी त्या सातव्याच्या बोटात आणि चर्च मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या मतदारसंघात. आता दोन्ही एकाच ठिकाणी. या नव्या दुसऱ्या क्रमांकाच्या मतदारसंघातून शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय उमेदवार ५४ टक्क्यांवर मतं घेऊन निवडून आले. अलाबामाचे दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी एकाच वेळी बसणं राज्याच्या इतिहासात पहिल्यांदा होतंय. याच दुसऱ्या मतदारसंघातून जेम्स रेपियर नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ १८७३ साली निवडून जाऊन बसले होते. जोतीरावांनी गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना आपलं पुस्तक अर्पण केलं, ते याच साली. त्यानंतर चार वर्षांत इथली दारं बंद झाली, आणि १९९३ पर्यंत राज्यातून एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी गेला नाही. ११६ वर्षं. मी दोनदा वजाबाकी करून बघितली.

सोबत दोन नकाशे छापून पाठवतेय, २०२१ चा आणि आताचा. कुठला कुठला ते मुद्दाम लिहिलं नाही. भिंग घेऊन बसा आणि रेघ कुठं कारण नसताना वळते ते लाल पेन्सिलीनं खुणा करून मला कळवा.

आई, हिवाळा इथं आपल्यासारखाच आहे, दोन स्वेटर आहेत, काळजी करू नको. रव्याचे लाडू मी दुधात भिजवून खाल्ले, छान लागले. दादाला सांग, पुतण्याचा फोटो पाठवायचा राहिलाय.

पुढच्या रविवारी फोनवर आजी तुमच्याशी बोलणार आहेत, बाबा. त्यांना मॅडम म्हणू नका, इथं वडीलधाऱ्या बायकांच्या नावाआधी ‘मिस’ लावतात. त्यांना विचारायचंय की तुमच्याकडे शीव कोण आखतं. मी सांगून ठेवलंय की माझे बाबाच आखायचे, तेव्हा तयारीनं बसा.

तुमची,
मीनू