साक्याचा आंबा आणि चुकलेली मुलाखत

देवगड, चैत्र महिना

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र मिळून बरेच दिवस झाले. काढणीची घाई असल्यामुळे उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल रागावू नकोस. बढतीच्या मुलाखतीच्या सकाळी लोकल मध्येच बंद पडली, तू कार्यालयात पोहोचेपर्यंत निवड समिती उठून गेली होती आणि पुढची संधी कधी येईल हे कोणी सांगत नाही, ही हकीगत तू दोन ओळींत आटोपलीस. उरलेले पत्र मात्र स्वतःला लावलेल्या दोषांनी भरले आहे. आदल्या रात्रीच कार्यालयाजवळ राहायला जायला हवे होते, पहाटेची गाडी धरायला हवी होती, मुळात इतकी वर्षे या नोकरीत काढायलाच नको होती, असे एकातून दुसरे काढत तू आपल्या सगळ्या आयुष्याचा निकाल लावून मोकळा झाला आहेस. तो निकाल मला मान्य नाही. का मान्य नाही, ते मी माझ्या बागेच्या आधारानेच सांगू शकेन, कारण या प्रश्नाशी माझी गाठ तिथेच पडली.

हापूस आंब्यात साका होतो, हे तू ऐकून असशील. फळ बाहेरून निर्दोष असते, रंग चढलेला असतो, वासही येतो. कापल्यावर मात्र गराचा काही भाग फिकट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. साल पाहून, दाबून किंवा वास घेऊन तो ओळखता येत नाही. वर्षभर सांभाळलेले फळ वाईट आहे हे आपल्याला कळत नाही, ते मुंबईत किंवा पुण्यात कोणाच्या तरी ताटात कळते, आणि तिथून फोन येतो. रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याला हे दुखणे फारसे नाही. ज्या हापूसच्या जिवावर आम्ही जगतो त्यालाच ते जडलेले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात काढली, पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून सिंधू काढली, त्यामागे साका टाळण्याचाही विचार होता. तरीही लोक हापूसच मागतात आणि मी हापूसच लावला आहे.

माझे वडील साक्याला नशीब म्हणत आणि विषय संपवत. मला ते कधी पटले नाही, कारण साक्यामागे नशिबाखेरीज पुष्कळ काही आहे. आमच्या बागा कातळावर आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात कातळ तापतो, ती उष्णता वर येते आणि खालच्या फांद्यांवरच्या फळांना लागते. फळ झाडावरच पूर्ण पक्व होऊ दिले तर साका वाढतो. काढलेले फळ उन्हात पडून राहिले तरी वाढतो. म्हणून आम्ही कलमांखाली वाळलेल्या गवताचे आच्छादन घालतो, आंबा चौदा आणे, म्हणजे सोळापैकी चौदा भाग, तयार झाला की उतरवतो, काढणी सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करतो आणि काढलेली फळे सावलीतच ठेवतो. चौदा आणे कधी झाले हे कोणते यंत्र सांगत नाही. देठाजवळचे खांदे वर आलेले दिसावे लागतात, सालीचा गडद हिरवा रंग किंचित उतरलेला दिसावा लागतो, आणि एकाच फांदीवरची दोन फळे त्या बाबतीत सारखी नसतात. आमच्याकडे काढणीला येणारे एक वयस्कर गृहस्थ झेल्याची, म्हणजे फळ झेलायला टोकाशी जाळी लावलेली, काठी वर नेण्याआधी क्षणभर फळाकडे पाहतात आणि पुष्कळदा काठी न लावता पुढे सरकतात. देठ थोडा ठेवूनच फळ झेल्यात घ्यायचे, नाहीतर चीक सालीवर उतरून डाग पडतो, हे ते प्रत्येक नव्या मुलाला त्याच शांतपणे सांगतात. त्यांच्या हातचे काम पाहताना मला जे समाधान वाटते, ते त्या दिवशीच्या बाजारभावावर अवलंबून नसते.

हे सगळे मनापासून केले की साका कमी होतो. पण तो शून्यावर येत नाही. मी तुला लिहितो आहे ते या उरलेल्या भागाबद्दल. त्याच कलमाचे, त्याच फांदीचे, त्याच सकाळी उतरवलेले एक फळ गोड निघते आणि शेजारचे साक्याचे निघते. तिथे आणखी कारण शोधत बसलो तर माणूस अखेर स्वतःपाशी येऊन थांबतो, कारण दोष ठेवायला दुसरे कोणी जवळ नसते. तू त्या थांबलेल्या गाडीत तेच केलेस. रोज ज्या गाडीने वेळेवर पोहोचतोस तिच्याही आधीची गाडी धरलीस, कागदपत्रे आदल्या रात्री लावून ठेवलीस, आठवडे काढून तयारी केलीस. तुझ्याकडून जे व्हायचे ते झालेले होते. त्यानंतर जे घडले त्याची जबाबदारी तू घेऊ नयेस, एवढेच मला म्हणायचे आहे, आणि ते मी तुझ्या समाधानासाठी म्हणत नाही, ते खरे आहे म्हणून म्हणतो.

यंदाच्या हंगामाचेच पाहा. मोहोर यायला थंडी लागते, म्हणून पावसाळा सरला की आम्ही सगळे थंडीची वाट पाहतो. यंदा ती वेळेवर आली नाही. उशिरा का होईना, मोहोर आला, फळ बसले, वाटाण्याएवढे आणि पुढे सुपारीएवढे झाले, आणि मग जानेवारीच्या अखेरीस कडक थंडी पडली. त्या थंडीने त्याच फांद्यांना पुन्हा मोहोर आला. नव्या मोहोराकडे झाडाची शक्ती वळली की आधीची फळे गळतात. सकाळी बागेत गेलो की झाडाखाली त्यांचा सडा पडलेला असे. ज्या थंडीसाठी जीव टांगणीला लागला होता तीच पुढे नुकसान करून गेली. पुनर्मोहोर रोखण्यासाठी जिबरेलिक आम्ल या संजीवकाची फवारणी सांगितलेली आहे, ती आम्ही वेळेत केली आणि तिचा काही उपयोग झालाही; पण थंडी किती दिवस टिकेल हे आमच्या हाती नव्हते.

मोठ्या आपत्तीपेक्षा हे रोजचे दुर्दैव मनाला अधिक पोखरते, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत आंबा, नारळ आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकले आणि काढायचे राहिलेले आंबे जमिनीवर आले. ते नुकसान फार मोठे होते. तरी त्या दिवसांत कोणी कोणाला दोष दिला नाही. शेजारी करवत घेऊन आले, पंचनामे झाले, नातेवाइकांचे फोन आले, आणि आपल्यावर जे आले ते सगळ्यांवर आले आहे हे प्रत्येकाला दिसत होते. साक्याच्या फळाचा पंचनामा होत नाही. फळपीक विमा हवामान केंद्रावरच्या तापमानाच्या, पावसाच्या आणि वाऱ्याच्या नोंदींवर चालतो, तो फळ कापून पाहत नाही. दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, येते, तिच्यातला आकडा कमी असतो, आणि त्याला साक्षीदार कोणी नसतो. तुझी लोकल अर्धा तास थांबली याची बातमीसुद्धा संध्याकाळपर्यंत शिळी झाली असेल. असे दुर्दैव माणूस एकट्याने वागवतो, आणि एकट्याने वागवताना ते त्याला स्वतःच्या स्वभावाचा दोष वाटू लागते.

समाधानाबद्दल तू थोडे कडवटपणे लिहिले आहेस. ज्याचे चालले आहे त्यानेच समाधानाच्या गोष्टी सांगाव्यात, असे तुझे वाक्य आहे. त्यातला राग मला समजतो आणि तो बऱ्याच अंशी रास्तही आहे. तोट्यात गेलेल्या बागाइतदाराला किंवा डावललेल्या कर्मचाऱ्याला ‘समाधान मान’ असे सांगणे मलाही क्रूर वाटते, कारण तसे सांगणारा बहुधा त्याची मागणी बंद करू पाहत असतो. मी ज्याला समाधान म्हणतो त्यात मागणी सोडणे नाही. आम्ही दलालाकडे पट्टीचा हिशेब मागतो, विम्याची नोंद चुकली तर अर्ज करतो, पुढच्या वर्षी आच्छादन अधिक जाड घालतो. फक्त, हे सगळे करताना मी संध्याकाळी झेला टेकवून घरी येतो तेव्हा आजचे काम नीट झाले की नाही, हा प्रश्न मी कामाला विचारतो, पट्टीला विचारत नाही. पट्टीवर घर चालते, मुलीची फी भरली जाते, म्हणून ती मला महत्त्वाची आहे. माझे काम कसे होते हे ठरवण्याचा अधिकार मात्र मी तिला देत नाही. हे मला नेहमी जमते असे नाही. फोन सलग वाजतात त्या दिवशी रात्री झोप येत नाही.

म्हणून तुला दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की, गाडी बंद पडल्याचे प्रमाणपत्र रेल्वेकडून मिळत असेल तर ते घेऊन कार्यालयात लेखी अर्ज कर, मुलाखत पुन्हा घ्यावी अशी स्पष्ट विनंती कर आणि अर्जाची पोच घे. तोंडी सांगितलेले कोणी लक्षात ठेवत नाही. दुसरी गोष्ट नोकरीबद्दलची. ती सोडायची असेल तर जरूर विचार कर, पण त्या सकाळच्या आधारावर सोडू नकोस. तुझ्या टेबलावर आलेल्या निवृत्त माणसाची वर्षानुवर्षे अडकलेली फाइल तू कशी मार्गी लावलीस, हे तू मला मागच्या दिवाळीत किती आनंदाने सांगितले होतेस. ते काम तुला अजून आवडते का, एवढ्यावर ठरव.

बागेतली एक पेटी आजच्या गाडीने पाठवली आहे. आंबे गवतातच राहू दे, फ्रीजमध्ये ठेवू नकोस, आणि देठाकडून वास सुटला की कापायला घे. प्रत्येक थराच्या कागदावर कलमाचा क्रमांक लिहिला आहे. एखादा साक्याचा निघाला तर संकोच न करता क्रमांक कळव. पावसाआधी त्या कलमाखालचे गवत पाहायचे आहे आणि त्याच्या खालच्या फांद्यांची काढणी पुढच्या वर्षी आधी धरायची की नाही, ते ठरवायचे आहे.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. अर्जाचे काय झाले ते लगेच लिही.

तुझा मित्र