आधी माणसं मोजा, मग आराखडा काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्याच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नियोजनावर हल्ली पेपरात रोज काही ना काही असतं. मेट्रोचा पुढचा टप्पा, रिंगरोड, बोगदे, सगळं वाचतो मी, पण हे सगळं नक्की किती माणसांसाठी चाललंय हे कुठंच सापडत नाही.

शेवटची मोजणी २०११ ची. तेव्हा पुणे मनपा ३१ लाख २४ हजार आणि पिंपरी-चिंचवड १७ लाख २७ हजार. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता माणसं मोजणार २०२७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे मधली सोळा वर्षं सगळा कारभार अंदाजपंचे. आणि अंदाज तरी कसला बांधणार, २००१ ते २०११ या दहा वर्षांत पुणे वाढलं २३ टक्के आणि शेजारचं पिंपरी-चिंचवड ७० टक्के. दोन्ही गावं एकाला एक लागून, तरी एवढा फरक, मग अख्ख्या महानगराची सरासरी काढून ती प्रत्येक गावाला चिकटवली तर आमच्या वाघोलीसारख्या ठिकाणी ती कशी लागू पडेल? इथे तर दोन वर्षं कोणी फिरकलं नाही तर त्याला रस्ता ओळखू येत नाही.

२०१७ ला अकरा गावं मनपात घेतली, २०२१ ला अजून तेवीस. क्षेत्रफळात आपण मुंबईच्याही पुढे गेलो म्हणून तेव्हा कौतुक झालं. पण गंमत बघा, तेवीस गावं मनपात आली आणि थोड्याच दिवसांत तिथलं नियोजन सरकारने पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) दिलं. म्हणजे आराखडा काढणार एक, पाणी-ड्रेनेज-कचरा बघणार दुसरा, आणि टॅक्सचं बिल मात्र वेळेवर. पीएमआरडीएने २०२१ ला सगळ्या महानगराचा प्रारूप आराखडा काढला, त्यावर हजारो हरकती, सुनावण्या, कोर्टकचेरी, आणि शेवटी सरकारने तो रद्दच करून टाकला. तेवढ्या वर्षांत बिल्डिंगी थांबल्या का? छे. शहराचा स्वतःचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, तर अजून भारी, मुदत २००७ ते २०२७ आणि मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये. निम्मी मुदत मंजुरीतच संपली. आपल्याकडे प्लॅनिंग म्हणजे वरातीमागून घोडं, आणि तेही वाटेत कुठेतरी अडकलेलं. (१९८७ च्या डीपीतला एचसीएमटीआर, म्हणजे शहराच्या आतला वर्तुळाकार रस्ता, अजून कागदावरच आहे, तेव्हा नोकरीला लागलेली माणसं कधीच रिटायर झाली.)

आता पाण्याचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरची शेती आहे. मनपा म्हणते लोकसंख्या वाढली कोटा वाढवा, जलसंपदा खातं म्हणतं तुम्ही आधीच जास्त उचलता, आणि दरवर्षी धरणाचं पाणी वाटणाऱ्या कालवा समितीच्या मीटिंगच्या आसपास हेच भांडण पुन्हा. मुळात भांडण माणसांच्या आकड्यावरच आहे, कारण माणशी लिटरचा हिशोब करायचा तर आधी माणसं किती ते ठरायला नको का? प्रत्येकाचा आकडा वेगळा आणि प्रत्येकाला आपल्या सोयीचा. पवना धरणातनं पिंपरी-चिंचवडला बंद पाइपलाइन न्यायची म्हणून २०११ ला मावळात आंदोलन झालं, गोळीबारात तीन शेतकरी गेले. तेव्हा शहर वाढलं की पाणी आणू कुठूनतरी असं जे लोक सहज बोलतात ना त्यांनी ते 'कुठूनतरी' म्हणजे कुणाचं तेही सांगावं.

आणि धरण जवळ असून तरी काय झालं? जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गुलेन-बॅरे, नसांचा आजार) पेशंट सापडायला लागले ते सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी. खडकवासला तिथून हाकेच्या अंतरावर, पण पाणी यायचं विहिरीतनं, नुसतं क्लोरिन टाकून, शुद्धीकरण केंद्र नाहीच. माणसं आधी राहायला आली आणि केंद्र मागेच राहिलं.

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्सपेक्षा जास्त होतो. बिल्डरने परवानगी घेताना हमीपत्र दिलेलं की मनपाचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन. ताबा दिला आणि तो पुढच्या प्रोजेक्टला गेला. आता हमीपत्र आमच्या फाइलीत आणि टँकर गेटवर. माझं म्हणणं एवढंच आहे की परवानगी देताना हमीपत्र नको, पाणी किती, कुठल्या लाइनमधनं आणि कधी ते लेखी दाखवा, नाहीतर फाइल थांबवा.

काही लोक म्हणतात बाहेरच्यांना येऊच देऊ नका. अहो आमच्या बिल्डिंगमध्ये लातूर, जळगाव, नागपूर, सगळे आहेत, मी स्वतः परभणीचा. खराडी, चाकण, रांजणगावला नोकऱ्या निघाल्या म्हणून आलो, हौस म्हणून नाही. नोकऱ्या आणायच्या आणि माणसं नकोत असं कसं चालेल?

सोपे उपाय नाहीत असं नाही. महावितरणला माहितीय कुठल्या गावात मीटर किती वाढले, शाळांना माहितीय पटावर पोरं किती, मनपाकडे मिळकतींची यादी आहे. हे सगळं एकत्र करून दरवर्षी गाववार आकडा काढता येतो, त्यासाठी जनगणनेची वाट कशाला बघायची? आणि जी गावं अजून पूर्ण भरली नाहीत, लोणीकंद, थेऊर वगैरे, तिथे आत्ताच टीपी स्कीम (नगररचना योजना) करा, प्रत्येकाची थोडी थोडी जमीन घेऊन रस्ता, शाळा, सांडपाण्याचा प्लांट यांच्या जागा काढून ठेवा आणि बाकीचे प्लॉट मालकाला परत द्या. हे काही नवीन नाही, भांबुर्ड्याला म्हणजे आत्ताच्या शिवाजीनगरला टीपी स्कीम झालेलीच आहे. शेतकऱ्याचा विरोध असतो तो जमिनीला नसतो, फसवणुकीला असतो, मोबदला वेळेत आणि सरळ दिला तर बोलणी होतात.

२०२७ ला जुन्या डीपीची मुदत संपते, त्याच वर्षी जनगणना, आणि महानगराचा आराखडा रद्द झाल्यामुळे तोही नव्याने करायचाच आहे. म्हणजे एकाच आकड्यावर सगळे आराखडे बेतायला यापेक्षा चांगली वेळ येणार नाही. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, आता आहेत, तर त्यांनीही सभागृहात हे विचारावं.

तुम्हाला एक विनंती. तुमच्या बातमीदाराला मनपा, पीएमआरडीए, जलसंपदा आणि महावितरण या चारही ऑफिसात एकच प्रश्न घेऊन पाठवा, वाघोलीत आज माणसं किती धरलीत आणि २०४७ ला किती धरणार? चारही उत्तरं शेजारी शेजारी छापा.

आपला,
एक वाचक, वाघोली