निवेदकाला काहीतरी माहीत असू द्या

संपादक साहेब, हल्ली मालिकेतला निवेदक पडद्यावर दिसतंय तेच परत सांगतो, सून दार उघडते आणि मागून आवाज की तिने दार उघडलं, मग ब्रेकच्या आधी ‘तिला सत्य कळेल का?’ रोजच! १९८८ च्या दूरदर्शनवरच्या महाभारतात चक्क काळच बोलायचा, हरीश भिमानींचा आवाज, शाळेतला चेतनगुणोक्ती अलंकार, म्हणजे निर्जीवाला माणसासारखं बोलायला-वागायला लावणं, तिथं कानाला कळला, काळाला पुढचं सगळं ठाऊक म्हणून द्यूताच्या आधीच पोटात गोळा यायचा. आणि आपल्या सांगलीत तर विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्येच ‘सीतास्वयंवर’ नाटकात सूत्रधाराच्या पदांतून गोष्ट पुढे नेली. मालिकावाल्यांनी निवेदकाला प्रेक्षकापेक्षा जास्त माहीत असू द्यावं, नाहीतर गप्प बसवावं, प्लीज.

– एक प्रेक्षक, विश्रामबाग, सांगली