कन्नमवार नगरातल्या मल्टिमीटरवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

त्या दिवशी विक्रोळीत भर पावसात रेतीने भरलेली माझी पिकअप तुमच्या सोसायटीच्या गेटातच अडली होती. हौदा उचलायचं हायड्रॉलिकचं बटण दाबलं की सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट जोडणारा स्विच, टक् करायचा, मोटर कण्हायची आणि हौदा वीतभर उचलून थांबायचा. मागे हॉर्नचा कल्लोळ. मी आणि धाकटा भाऊ फावडी घेऊन वर चढणार, तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "रिकामा उचलतो का रे?"

रिकामा उचलत होता, तेच तर कोडं होतं. नवी बॅटरी टाकून झाली होती. एका गॅरेजने पंप बदलायला सांगितल्यामुळे मी उसन्या पैशांसाठी फिरत होतो.

"मोटर जोरात फिरूनही हौदा हलला नाही, तर तेल नाहीतर पंप बघायचा. इथे मोटरच दमतेय, तिला करंट पुरत नाही," असं म्हणून तुम्ही घरून मल्टिमीटर आणलात. एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी मोटरच्या बॉडीवर धरलीत आणि मला बटण दाबायला लावलंत. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं, मीटरवर ३ आले. १२ व्होल्टमधले तीन अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायच्या वाटेवरच्या, गंजलेल्या बोल्टमध्येच संपत होते! रिकाम्या हौद्याला करंट कमी लागतो, म्हणून दोष लपून राहायचा. भरल्यावर मोटर शंभर-दीडशे अँपिअर ओढते, तेव्हा उघडा पडायचा. इतक्या वर्षांत हे मला कुणी समजावलं नव्हतं.

मग तुम्ही बॅटरीच्या मायनसपासून थेट मोटरच्या बॉडीला जंपर केबल लावलीत. हौदा उठला, रेती सरसरत खाली आली. भावाने तर टाळ्याच वाजवल्या.

बोल्ट बघायला मी लगेच खाली वाकलो, तेव्हा तुम्ही दंड धरून मागे खेचलंत. "आधी टेकू लाव. तेलाचा होज पाइप फुटला तर हौदा तुला वेळ देणार नाही." काका, पैसे वाचले त्याहून या एका वाक्याचे उपकार मोठे आहेत.

दुसऱ्याच दिवशी रंग आणि गंज पत्रा चकाकेपर्यंत घासला, जाड तांब्याची वेगळी केबल टाकली, बोल्टला पेट्रोलियम जेली लावली. आता मीटर ०.२ दाखवतो.

तुम्ही चहाही घेतला नाहीत, नावही सांगितलं नाहीत. समोरच्या इमारतीचं काम अजून चालू आहे, रोज सकाळी सातला माझी पहिली फेरी असते. एकदा खाली या. आईने तुमच्यासाठी डिंकाचे लाडू केलेत, डबा गाडीतच आहे.

आपला,
रेतीच्या पिकअपवाला