पाय सुजला की 'पाणी कमी प्या'?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्याच्या पानावर पायाच्या सुजेवर लेख आलेला, त्यात सरळ लिहिलंय की अंगात पाणी जास्त झालं की सूज येते, पाणी कमी प्या, पाय उशीवर ठेवा. उशीचं ठीक आहे हो, पण सरसकट सगळ्यांना पाणी कमी प्या म्हणून सांगणं काय पटलं नाही. मी राजारामपुरीत लॅबमध्ये काम करतो म्हणून लिहितोय.

रक्ताची ट्यूब मशीनमध्ये फिरवली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, निम्म्याहून थोडा जास्तच. अंगात मात्र हा प्लाझ्मा रक्तवाहिनीतच कोंडून राहत नाही. केशवाहिनी म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनी, तिची भिंत एका पेशीच्या जाडीची, आतल्या दाबानं पाणी, क्षार, साखर फटींतून बाहेर येतात आणि पेशींच्या अवतीभवती पसरतात, त्यालाच ऊतीद्रव म्हणतात. ऑक्सिजन तर भिंतीतूनच पलीकडं जातो, आणि पेशींनी टाकलेला कार्बन डायऑक्साइड उलट्या दिशेनं रक्तात येतो. म्हणजे धडधाकट माणसाच्या अंगातही हे बाहेरचं पाणी असतंच, आणि प्लाझ्मा ३ लिटर असला तर हे त्याच्या तिप्पट तरी भरतं.

मग सूज का दिसत नाही? केशवाहिनीच्या धमनीकडच्या टोकाला आतला दाब साधारण ३५, शिरेकडं येईस्तोवर १५ वर येतो (बीपीसारखंच, पाऱ्याचे मिलीमीटर). प्लाझ्मातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन सहजासहजी बाहेर जात नाही, ते पाणी आत ओढून धरतं, ती ओढ २५ च्या आसपास. म्हणजे धमनीकडं दाब जास्त म्हणून पाणी बाहेर, आणि शिरेकडं ओढ जास्त म्हणून परत आत. स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं हे १८९६ मध्ये मांडलं. पुढं कळलं की शिरेकडच्या टोकालाही बऱ्याच ठिकाणी पाणी थोडं थोडं बाहेरच पडत राहतं आणि ते परत न्यायचं खरं काम लसीकावाहिन्या (ऊतीद्रव गोळा करणाऱ्या बारीक नळ्या) करतात, पार गळ्याखालच्या मोठ्या शिरांत नेऊन सोडतात.

आता लिव्हर खराब असेल तर अल्ब्युमिन पुरेसं बनत नाही, किडनीतून गळत असेल तर लघवीत जातं, तिथं पाणी कमी पिऊन अल्ब्युमिन वाढणार आहे का? हृदय कमजोर असेल तर शिरेकडचा दाब चढतो, त्या पेशंटला डॉक्टर पाणी मोजून देतात हे खरं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. बीपीच्या अम्लोडिपिननं बारीक धमन्या सैल पडून घोटे सुजतात, लई जणांना हे माहीतच नसतं. महाद्वार रोडला कापड दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या पोरींचं वेगळंच, पोटऱ्या हलत नाहीत म्हणून रक्त खाली साठतं, त्यांनी पाणी तोडून काय होणार?

आणि मिठाबद्दल लेखात एक अक्षर नाही! अंगात पाणी धरून ठेवतं ते मीठ, आणि आपल्याकडं जेवताना पापड, खर्डा, वर परत मीठ मागून घ्यायचं.

पुढच्या अंकात एवढं तरी छापा, नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहत असेल तर लघवीतलं प्रोटीन, रक्तातलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) तपासून डॉक्टरांना दाखवा, मेडिकलमधनं लघवीची गोळी आपल्या मनानं आणू नका, बीपीची गोळीही मनानं बंद करू नका. आणि एकच पाय अचानक सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, शिरेत गुठळी असू शकते.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर