बाबांचे स्टार वाचवल्याबद्दल, काका, मनापासून थँक्यू

काका, परवा रात्री साडेअकराला तुमची बेल वाजवली तेव्हा मी अगदी रडकुंडीला आलो होतो आणि तुम्ही काही न विचारता चष्मा घेऊन खाली आलात, त्याबद्दल आधी थँक्यू.

झालं असं होतं की बाबांचा जुना कॉम्प्युटर बदलला, आयट्यून्सची (त्यांच्या गाणी ऐकायच्या प्रोग्रामची) लायब्ररी, म्हणजे गाण्यांची यादी, नव्यावर कॉपी केली, गाणी सगळी बाहेरच्या हार्डडिस्कवर. जुन्यावर त्या हार्डडिस्कचं ड्राइव्हचं अक्षर ई होतं, नव्याने ते एफ केलं, आणि लायब्ररी गाणी ई वरच शोधत राहिली. मला हे कुठे माहीत, मला दिसलं की प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह (फाइल सापडत नाही याची खूण), म्हणून मी घाबरून अख्खं फोल्डर परत ओढून टाकलं. 4,300 ची 8,600 झाली! प्रत्येक गाणं दोनदा, एक उद्गारचिन्हवालं न वाजणारं, एक वाजणारं. आणि मी न वाजणारी सगळी सिलेक्ट करून डिलीट करणारच होतो.

तुम्ही हात धरलात. म्हणालात, थांब रे, स्टार कुणाला आहेत ते बघ आधी. ते सगळे त्या न वाजणाऱ्या एंट्रींनाच होते! बाबांनी 11 वर्षं सकाळच्या चहाबरोबर ऐकून ऐकून आवडीप्रमाणे दिलेले स्टार, कुठलं किती वेळा वाजलं तो आकडा, सगळं लायब्ररीत असतं, गाण्याच्या फाइलमध्ये नसतं, हे मला तेव्हा कळलं. बाबा 78 वर्षांचे आहेत हो, ते परत कुठून करणार होते.

मग तुम्ही कधी अ‍ॅड केलं त्या तारखेवर लावून त्या रात्रीच्या एंट्री तेवढ्या लायब्ररीतून काढल्यात, हार्डडिस्कवरच्या फाइलला हात न लावता, आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एफ चं परत ई केलंत. बास. वाजायला लागली की सगळी.

पण मला खरं भारी वाटलं ते पुढचं. जुनीच डुप्लिकेट शोधताना मी म्हटलं नाव सेम गायक सेम, उडवूया. तुम्ही म्हणालात डुप्लिकेट दाखवायचा पर्याय शिफ्ट दाबून निवड, म्हणजे अल्बमही सेम असेल तेच दाखवेल, आणि तरी वेळेचा कॉलम बघितल्याशिवाय काही उडवू नकोस. बरोबर होतं तुमचं, भीमसेनजींचा पुरिया धनाश्री राग दोनदा दिसत होता, एक 24 मिनिटांचा, एक 52 चा, दोन वेगळ्या मैफली. हिराबाई बडोदेकरांचं एक तर 3 मिनिटांची जुनी तबकडी आणि दुसरं बाबांनी रेडिओवरून टेप केलेलं. ते गेलं असतं तर कुठेच परत मिळालं नसतं. शास्त्रीय ऐकणाऱ्या माणसाने सोबत बसून केलं म्हणून हे वाचलं, नाहीतर मी एका क्लिकमध्ये साफ केलं असतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी केलीये, लायब्ररीच्या फाइलसकट. तुमचा चष्मा आमच्याच टेबलावर राहिलाय, रविवारी सकाळी आणून देतो. बाबाही येतो म्हणतायत, त्यांना त्या 52 मिनिटवाल्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय.